काडतुसांचें घरगुती पुनर्भरण

जुन्या बंदुकांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत एक समजूत फार दृढ झालेली आहे. ती अशी कीं, तोड्याच्या व चकमकीच्या बंदुकीचा काळ होता तोंवर शिपाई किंवा शिकारी आपली गोळी आपणच ओतीत असे. पुढें धातूचें काडतूस निघालें आणि दारूगोळा तयार करण्याची विद्या घरांतून उठून कारखान्यांत गेली, ती कायमची. या समजुतीमुळें संग्राहकांच्या हातून दोन प्रमाद घडतात. गोळ्या ओतण्याचा सांचा मिळाला तर तो जपून ठेवला जातो. परंतु काडतूस भरण्याची सांडशी, टोपी बसविण्याची दांडी, दारू मोजण्याची पळी, हीं साधनें ओळखूं न आल्यामुळें मोडींत जातात. दुसरें असें कीं, रिकाम्या पुंगळीच्या बुडावरील साल वाचून त्या स्थळीं झालेल्या गोळीबाराचा काल बेधडक ठरविला जातो. वरील समजूत निदान एका देशापुरती तरी साफ चुकीची आहे व तिजवर उभारलेलीं कालनिर्णयाचीं अनुमानें पुन्हां तपासून घेतलीं पाहिजेत, हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे. तो देश म्हणजे अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें होत.

(१) काडतुसापूर्वीं व कागदी काडतुसाचा काल

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या ज्या शब्दाचें हें रूपांतर, त्याचा मूळ अर्थ कागदाची सुरळी असा आहे, आणि पहिलें काडतूस तसेंच होतें. मोजलेली दारू व एक गोळी कागदाच्या सुरळींत बांधली कीं काडतूस झालें. तें करण्यास कारखाना लागत नसे. कागद, दोरा, दारू व ओतलेली गोळी एवढेंच साहित्य पुरे होई.

अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया प्रांतांत जर्मन कारागिरांनीं अठराव्या शतकांत ज्या लांब नळीच्या पेचदार बंदुका घडविल्या, त्यांच्या बाबतींत गोळी घरीं ओतणें ही हौस नसून गरज होती. त्या बंदुका हातानें घडविलेल्या असल्यामुळें एकीच्या नळीचें भोंक दुसरीच्या भोंकाशीं जुळत नसे. म्हणून कारागीर प्रत्येक बंदुकीबरोबर तिच्याच मापाचा गोळीचा सांचा देत असे. सांचा हरवला तर बंदूक निरुपयोगी. एक बंदूक व तिचा एक सांचा ही जोडी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; लेखाच्या शेवटीं तिचें पुन्हां काम पडणार आहे.

घरीं दारूगोळा तयार करण्याचा सर्वांत सुरेख लेखी पुरावा याच देशांतला आहे. न्यू यॉर्क शहरांत इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा शिशाचा, सोन्याचा मुलामा दिलेला अश्वारूढ पुतळा १७७० सालीं उभारलेला होता. १७७६ च्या जुलै महिन्याच्या ९ तारखेस, स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखविल्यावर, लोकांनीं तो खालीं पाडला. त्याचें पुष्कळसें शिसें कनेक्टिकट प्रांतांत लिचफील्ड या गांवीं ऑलिव्हर वॉल्कट याच्या घरीं नेण्यांत आलें, आणि तेथें घरच्या व शेजारच्या बायकामुलांनीं त्याच्या गोळ्या ओतून काडतुसें बांधलीं. वॉल्कट हा जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीं एक. त्याच्या कागदपत्रांत या कामाचा हिशेब राहिला आहे तो असा: श्रीमती मार्विन ६०५८; रूथ मार्विन ११५९२; लॉरा ८३७८; मेरी ॲन १०७९०; फ्रेडरिक ९३६; श्रीमती बीच १८०२; किरकोळ मंडळी २१८२; लिचफील्डच्या स्थानिक फौजेस दिलीं ५०; कर्नल विगल्सवर्थच्या पलटणीस दिलीं ३००; एकूण ४२०८८.

आम्हीं ही बेरीज करून पाहिली. ती बरोबर जुळते. दप्तरांतील जमाखर्च वाचण्याची संवय असलेल्यांस यांतील शेवटच्या दोन रकमा लागलीच वेगळ्या दिसतील. त्या कोणी केलेल्या कामाच्या नसून दिलेल्या मालाच्या आहेत, आणि तरीही त्या बेरजेंत धरल्या आहेत. म्हणजे बाकीचे आंकडे शिल्लक मालाचे आहेत व दिलेला माल त्यांत मिळवून एकूण उत्पन्न काढलें आहे, असा अर्थ केल्यास हिशेब सुसंगत लागतो. लॉरा, मेरी ॲन व फ्रेडरिक हीं वॉल्कटचींच मुलें. फ्रेडरिक त्या वेळीं आठ-नऊ वर्षांचा होता; त्याच्या नांवावरील ९३६ हा लहान आंकडाच त्या कागदाच्या खरेपणाची साक्ष देतो. कल्पित हिशेब करणारा असा आंकडा लिहीत नाहीं.

(२) सन १८५७ ची गोष्ट

येथें आपल्या देशाकडे क्षणभर वळणें प्राप्त आहे. कारण काडतूस कोणाच्या हातचें, या प्रश्नाची किंमत जितकी येथें कळली तितकी अन्यत्र कोठें कळली नाहीं. तोड्याची बंदूक वापरणारा आमचा बरकंदाज जामगी, शिंगांतील दारू व शिशाच्या गोळ्या बाळगून असे. गोळी ओतण्याचे सांचे आमच्याकडील जुन्या संग्रहांतून आढळतात. त्याच्या गोळींत व दारूंत काय आहे हें त्यास ठाऊक असे. कंपनी सरकारनें १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड बंदूक येथें आणली, तेव्हां तिचें वंगण लावलेलें कागदी काडतूस शिपायाच्या हातीं कारखान्यांतून तयार येऊं लागलें, आणि तें दातांनीं तोडण्याची कवाईत होती. वंगण कशाचें, हें शिपायास सांगतां येईना. पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे.

परंतु एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. १८५७ च्या जानेवारीअखेर सरकारनें असा हुकूम काढला कीं, डेपोंतून काडतुसें वंगणाशिवाय द्यावींत व शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण आपल्या हातानें लावावें. म्हणजे काडतुसाचा निदान एक संस्कार करणाऱ्याच्या हातीं परत देण्याचा तो प्रयत्न होता. तो उशिरां झाला. संशय तोंपर्यंत वंगणावरून खुद्द कागदावर गेला होता. २९ मार्च रोजीं बराकपुरास व १० मे रोजीं मीरतेस त्याचा परिणाम दिसून आला. त्या उठावाचीं कारणें अनेक होतीं हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यानें आपलें काडतूस आपण बांधलें, त्यास तरी चरबीचा संशय येण्याचें कारण नव्हतें.

(३) टोपींतील ऐरण

आतां मूळ विषयाकडे वळूं. धातूच्या काडतुसाचे चार भाग असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडांतील ठिणगीची टोपी, दारू व गोळी. बार उडाला म्हणजे दारू जळते, गोळी जाते, टोपी निकामी होते. पुंगळी मात्र राहते, आणि चारांत सर्वांत महाग भाग तोच होय. ती पुन्हां भरतां येईल कीं नाहीं, हें तिच्या बुडांतील एका अगदीं क्षुल्लक दिसणाऱ्या रचनेवर अवलंबून आहे.

बंदुकीचा खिळा टोपीवर आदळतो तेव्हां टोपींतील स्फोटक द्रव्य चेंगरण्यासाठीं त्याच्या पलीकडे कांहीं तरी कठीण आधार लागतो. हीच ऐरण. १८६६ या एकाच वर्षीं तिच्या दोन निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. अमेरिकन यादवी युद्धांत निशाणबाजांच्या पलटणीचा नायक असलेला हायरम बर्डन यानें पुंगळीच्या बुडांतच ऐरणीचा उंचवटा ठेवला व ठिणगी आंत जाण्यास त्याच्या बाजूंस बारीक छिद्रें पाडलीं. इंग्लंडांत वुलिच येथील राजकीय प्रयोगशाळेचा अधिकारी एडवर्ड बॉक्सर यानें ऐरण टोपींतच बसविली व बुडाच्या मधोमध एकच छिद्र ठेवलें.

या दोहोंतील फरक बार उडेपर्यंत शून्य आहे. बार उडाल्यावर तो सर्वस्वाचा होतो. बॉक्सरच्या पुंगळींत तोंडाकडून एक सरळ सुई घातली कीं ती मधल्या छिद्रांतून जाऊन जुनी टोपी बाहेर ढकलते. हें काम कोणाही माणसास एका ठोक्यांत करतां येतें. बर्डनच्या पुंगळींत सुई उंचवट्यास अडते. टोपी बाहेरून आंकड्यानें उचकटावी लागते, किंवा पुंगळींत पाणी भरून त्याच्या दाबानें उडवावी लागते. काम अशक्य नाहीं, परंतु कंटाळवाणें खास आहे.

आणि दैवाचा खेळ असा कीं, इंग्रजाची युक्ति अमेरिकेच्या घराघरांत रुजली व अमेरिकनाची युक्ति यूरोपांतील सैन्यांनीं उचलली. सैन्यास पुंगळी परत भरावयाची नव्हती. त्यास टोपी स्वस्त व सुटसुटीत हवी होती. आमच्याकडे किरकी येथें १८६९ सालीं दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तेथील 'के. एफ्.' या खुणेच्या ३०३ नमुन्याच्या जुन्या पुंगळ्यांत डोकावून पाहिल्यास बहुधा दोन छिद्रें दिसतात. त्या पुंगळ्या एकदांच वापरण्यासाठीं जन्मल्या होत्या. शिवाय १८७८ च्या व पुढें १९५९ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून दारूगोळा तयार करण्यास येथें बंदी झाली. आपल्याकडे ही विद्या कां वाढली नाहीं याचीं कारणें हीं अशीं आहेत. काडतुसाच्या जातींतच ती बसत नाहीं, असें नव्हे.

(४) माळरानावरील विद्या

अमेरिकेच्या मध्यभागांतील माळरानावर १८७० नंतरच्या दहा-बारा वर्षांत गव्यांची जी भयंकर कत्तल झाली, तिनें या विद्येस प्रथम मोठें क्षेत्र मिळवून दिलें. शिकारी महिनोन्महिने वस्तीपासून दूर राहत. तयार काडतुसें महाग पडत व वाहून नेण्यास जड होत. म्हणून शिसें व दारू घाऊक घ्यावी, दिवसा उडविलेल्या पुंगळ्या गोळा कराव्या व रात्रीं शेकोटीवर शिसें वितळवून त्या पुन्हां भराव्या, असा क्रम पडून गेला. तेथील मूळच्या रहिवाशांनींही ही कला आत्मसात् केली. बाजारांत मिळणारी जुन्या बंदुकांची साधी तांब्याची टोपी पुंगळीच्या बुडांत बसवून ते ती पुन्हां भरीत, असें कर्नल रिचर्ड डॉज या अमेरिकन सैन्याधिकाऱ्यानें नमूद केलें आहे. ज्यांच्यापाशीं ना कारखाना, ना हत्यारांचें दुकान, त्यांनीं हें साधावें, यावरून त्या विद्येचा सोपेपणा व गरजेचा जोर हीं दोन्ही दिसून येतात.

विंचेस्टर कंपनी आपल्या बंदुकांबरोबर पुनर्भरणाचीं हत्यारें त्याच दशकांत विकूं लागली. १८८४ सालीं न्यू हेवन येथें जॉन बार्लो यानें 'आयडियल' नांवाचा कारखाना काढला. त्याचें प्रसिद्ध हत्यार अगदीं आपल्या अडकित्त्याच्या घडणीचें होतें: दोन दांड्या, एक बिजागर. त्याच्या जबड्यांत पुंगळी धरून जुनी टोपी काढतां येई, नवी बसवितां येई, पुंगळीचें तोंड नीट करून गोळी बसवितां येई; कांहीं नमुन्यांत दांड्यांच्या टोंकाशीं गोळी ओतण्याचा सांचाही असे. सारा दारूखाना कोटाच्या खिशांत मावे. बार्लोनें हत्यारांबरोबर माहितीचीं छोटीं पुस्तकेंही काढलीं, व त्यांमुळें तोंडोतोंडीं चालत आलेली विद्या छापील झाली. हीं पुस्तकें आज संग्राहकांच्या बाजारांत हत्यारांइतकींच मागणीचीं आहेत. १९२५ सालीं हा धंदा लायमन कंपनीकडे गेला व तें हत्यार पुढें कित्येक दशकें विकलें गेलें.

सरकारी काडतुसांचा इतिहास याला समांतर आहे. अमेरिकन सैन्याच्या १८७३ च्या बंदुकीचीं पहिलीं काडतुसें तांब्याचीं असून टोपी आंतून बसविलेली असे. तीं पुन्हां भरतां येत नसत. १८८२ च्या सुमारास बाहेरून टोपी बसविण्याची रीत आली. पुढें सैनिकांच्या निशाणबाजीच्या सरावासाठीं ठाण्याठाण्यांवर पुनर्भरण होऊं लागलें. सैन्यानेंही घरगुती रीत उचलली ती काटकसरीसाठींच.

(५) धूररहित दारूचें संकट

१८८४ सालीं फ्रान्समध्यें व्हिएल यानें धूररहित दारू शोधून काढली आणि या विद्येवर मोठें संकट आलें. काळी दारू पुंगळी भरून घातली तरी फारसा अनर्थ होत नसे. जागाच तिला मर्यादा घाली. नवी दारू थोडक्यांतच तितका जोर करी. पुष्कळदां ती पुंगळीच्या लहानशा भागांतच मावे, आणि जुन्या पळीच्या मापानें किंवा चुकून दोनदां घातल्यास नजरेस कांहीं न कळतां बंदूक फुटे. दुसरें संकट याहून गूढ होतें. टोप्यांत पाऱ्याचें स्फोटक द्रव्य असे. काळ्या दारूच्या भरपूर काजळींत तो पारा मिसळून जाई; नवी दारू काजळी ठेवीत नसल्यामुळें पारा पितळेंत शिरून त्यास ठिसूळ करूं लागला. पुंगळ्या दिसण्यांत निर्दोष, पण पुन्हां भरतांच तडकत. तिसरें असें कीं, अति वेगामुळें उघड्या शिशाची गोळी टिकेना; तिला तांब्याचें आवरण लागूं लागलें व तें घरीं ओतून होण्यासारखें नव्हतें.

एवढ्यानें विद्या बुडावयास हवी होती. ती बुडाली नाहीं. पळीच्या जोडीस तराजू आला. पारा नसलेल्या टोप्या निघाल्या. शिशांत कथील व अंजन मिसळून कठीण गोळी ओतण्याची रीत सुधारली. १९०९ सालीं फ्रँकलिन मान यानें गोळीच्या गतीविषयींच्या आपल्या दीर्घ प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो पेशानें वैद्य होता, सरकारी अधिकारी नव्हे. १९३७ सालीं फिलिप शार्प याचा पुनर्भरणावरील मोठा ग्रंथ निघाला. गरजेपोटीं आलेली विद्या आतां अचूकपणाच्या हौसेवर जगूं लागली. निशाणबाजांत तर असे लोक होते कीं, ते दिवसभर एकच पुंगळी पुन्हां पुन्हां भरून उडवीत; हेतु हा कीं, पुंगळीपुंगळींतील फरकच नाहींसा व्हावा.

(६) हातोडी व दांडी

या परंपरेंतील शेवटचें मोठें हत्यार सर्वांत साधें आहे. विस्कॉन्सिन संस्थानांत रिचर्ड ली यानें १९५८ सालीं आपला धंदा आरंभिला. आधीं छऱ्याच्या बंदुकीसाठीं व मग रायफलीसाठीं त्यानें हातभराहूनही लहान अशी पेटी काढली. तींत एक पोलादी फर्मा, कांहीं दांड्या व दारूची एक पळी. बाकी लाकडी किंवा तशीच मऊ हातोडी घरची. यंत्र नाहीं, मेज नाहीं. जुनी टोपी ठोकून काढावयाची, पुंगळीची मान फर्म्यांत ठोकून आवळावयाची, नवी टोपी, मोजलेली दारू, गोळी. कीं काडतूस तयार. थोड्या डॉलरांत ही पेटी मिळे व दर हत्याराबरोबर तें ज्या जातीच्या काडतुसासाठीं आहे तिचीच पळी येई.

या पेटींत इतिहासज्ञास महत्त्वाची वाटावी अशी एक गोष्ट आहे. मोठ्या यंत्रांत सबंध पुंगळी आवळून मूळ मापावर आणतां येते. या पेटींत केवळ तिची मान आवळली जाते. बार उडतांना पुंगळीचें अंग त्या बंदुकीच्या घरांत फुगून तिच्याच आकाराचें झालेलें असतें व तें तसेंच राहतें. म्हणून असें भरलेलें काडतूस त्याच बंदुकींत नीट बसतें, दुसरींत बसेलच असें नाहीं. पेनसिल्व्हानियाच्या कारागिरानें एका बंदुकीस एक सांचा दिला होता. दोनशें वर्षांनीं, कारखान्यांतील हजारों सारख्या बंदुकांच्या युगांत, स्वस्तांतल्या हातहत्यारानें एका बंदुकीस तिचें एक काडतूस पुन्हां मिळवून दिलें.

(७) पुंगळीचें वाचन

आतां कालनिर्णयाविषयीं. माँटाना संस्थानांतील लिटल बिगहॉर्न येथें २५ जून १८७६ रोजीं कस्टरच्या तुकडीचा नाश झाला. त्या रणभूमीवरील गवत १८८३ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनीं, १९८३ सालीं वणव्यांत जळून भूमि उघडी पडली. १९८४ व १९८५ सालीं पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं धातुशोधक यंत्रांनीं तिची पाहणी केली. ज्या पुंगळ्या सांपडल्या, त्यांच्या बुडावरील खिळ्याच्या खुणा सूक्ष्मदर्शकांतून ताडून एकेक बंदूक रणांगणावर कोठून कोठें फिरली हें त्यांनीं दाखवून दिलें. जेथें कस्टरच्या तुकडीपैकीं वांचलेला साक्षीदार नव्हता, तेथें पुंगळी साक्षीस उभी राहिली. रिकामी पुंगळी हा कागदाइतकाच अस्सल लेख आहे, हें यावरून सिद्ध होतें.

परंतु लेख म्हटला म्हणजे तो वाचण्याचे नियम आले. अमेरिकन सरकारी पुंगळ्यांवर १८७७ च्या मार्चपासून फ्रँकफर्ड कारखान्याची खूण, महिना व वर्ष उठविलें जाऊं लागलें. हा काल पुंगळी घडल्याचा आहे, बार उडाल्याचा नव्हे. जुन्या कागदांत जलचिन्ह असतें. तें कागद केव्हां झाला हें सांगतें, त्यावर मजकूर केव्हां लिहिला हें सांगत नाहीं. आपण जलचिन्हावरून एवढेंच म्हणतों कीं, लेख याच्या आधींचा नाहीं. पुंगळीच्या सालाविषयींही एवढेंच म्हणतां येतें. खिळ्याची खूण टोपीवर असते व टोपी दर भरणींत बदलते. म्हणून ती खूण शेवटच्या बाराचीच असते. उलट पुंगळीच्या कांठावर बंदुकीच्या आंकड्यानें ओढल्याचे ओरखडे दर बारागणिक वाढत जातात. कांठावर असे अनेक ओरखडे, मानेवर फर्म्याचे उभे चरे, तोंडाशीं पुन्हां पुन्हां आवळल्यानें पडलेली बारीक चीर, आंत मधोमध एकच छिद्र, हीं लक्षणें एकत्र आढळल्यास ती पुंगळी पुनर्भरित समजावी व तिजवरील सालास केवळ पूर्वमर्यादा मानावें.

यावरून निष्पन्न होतें तें असें. धातूच्या काडतुसानें गृहविद्या संपविली नाहीं. जेथें टोपीची रचना, कायदा व गरज यांनीं वाट दिली तेथें ती अधिक वाढली, व जेथें दिली नाहीं तेथें संपली. तेव्हां संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, जुन्या पेटाऱ्यांत अडकित्त्यासारखी पण सुपारीच्या उपयोगाची नसलेली सांडशी, लांब मुठीची इवलीशी पळी किंवा भोंक पाडलेला पोलादी फर्मा आढळल्यास तो मोडींत घालूं नये. ज्या पुंगळ्यांबरोबर तो सांपडला त्यांच्यासहच त्याची नोंद करावी. पुंगळी रिकामी आहे याची खात्री जाणत्याकडून आधीं करून घ्यावी, आणि जिवंत काडतूस आढळल्यास त्यास हात न लावतां अधिकाऱ्यांस कळवावें. हत्यार व पुंगळी यांची ताटातूट झाली म्हणजे दोन्ही मुकीं होतात; एकत्र राहिलीं तर एकाचा अर्थ दुसरें सांगतें.